ओझरचं काम, चोरखमाऱ्याची छपरी

छोटे, खोकं उघडलंस ते ठीक, पण फ्रेममधला एकही भाग अजून सोडवू नकोस. पिशव्या होत्या तशा बंद करून ठेव. राखीचे, दिवाळीचे, आजीने हातात कोंबलेले असे सगळे पैसे साठवून तू ट्रम्पीटर कंपनीचं १/३२ मापाचं मिग-२१ एमएफचं प्लॅस्टिक मॉडेल घेतलंस. हजारोंच्या घरातली ती वस्तू आहे. ब्लेड हातात घेण्याआधी आपण दोघी जरा नीट बोलू.

तू म्हणालीस, "ताई, मला भारतीय मिग करायचंय." अगं, तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडे मिग-२१ आलं १९६३ मध्ये, चंदीगडला, २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. निरोप दिला २६ सप्टेंबर २०२५ ला, तोही चंदीगडलाच. मधल्या बासष्ट वर्षांत हवाई दलात ८०० हून अधिक मिग-२१ उडाले आणि ते सगळे एका साच्यातले नव्हते. एफएल म्हणजे टाईप ७७, एम म्हणजे टाईप ९६, बिस म्हणजे टाईप ७५. प्रत्येकाचं नाक वेगळं, पाठ वेगळी, रंगही वेगळा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडली ती एफएल जातीच्या मिगनी. त्या जातीला अंगात तोफ नव्हतीच, लागली तर पोटाखाली वेगळी अडकवावी लागे. तुझ्या खोक्यातल्या एमएफला पोटातच तोफ आहे. दोन्ही मिग-२१च, पण एकाचं चित्र बघून दुसरं करायला गेलीस तर जाणत्या माणसाला लांबूनच चूक दिसेल.

म्हणून आधी एक विमान निवड. एकच. त्याचा क्रमांक, त्याचं साल आणि शक्य असेल तर त्याचा दिवसही. बाकीचे सगळे निर्णय, म्हणजे काय कापायचं, काय वाढवायचं, कुठला राखाडी, किती मळवायचं, हे त्या एका निवडीतून आपोआप सुटत जातात.

तुझ्या मनात अवनी चतुर्वेदी आहे, मला ठाऊक आहे. १९ फेब्रुवारी २०१८, जामनगर. त्या दिवशी तिने मिग-२१ बायसन एकटीने उडवलं. लढाऊ विमान एकटीने उडवणारी ती पहिली भारतीय स्त्री. निवड झकास आहे, आणि मी तुला त्यापासून अजिबात परावृत्त करणार नाही. फक्त एवढं समजून घे की बायसन म्हणजे कारखान्यातून तसंच नवं निघालेलं विमान नव्हे. तो आधी बिस होता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने इथे नाशिकजवळ ओझरला हजारो हातांनी मिग बांधले. देशात बनलेले मिग-२१ एकूण ६५० च्या आसपास. त्यांपैकी बिस जातीची १२५ विमानं पुढे निवडली आणि नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं, नवी काच, नवी उपकरणं घालून त्यांचा बायसन केला. पहिली दोन रशियात झाली, बाकीची ओझरलाच. म्हणजे ओझरच्या कामगारांनी जे खऱ्या धातूवर केलं तेच तू आपल्या छपरीत प्लॅस्टिकवर करणार आहेस. मी नाशकात राहते आणि डोक्यावरून ओझरचं सुखोई गेलं की अजून मान वर करते. त्या कारखान्याबद्दल मला किती वाटतं ते तुला ठाऊकच आहे.

आता कामाचं. एमएफचा बायसन करायला तीन ठिकाणी खरी मेहनत आहे. पाठ, समोरची काच आणि शेपूट.

पाठीपासून सुरू कर. कॅनोपीच्या मागून शेपटीपर्यंत जो लांब उंचवटा जातो तो बिसमध्ये जास्त भरदार आहे, कारण त्यात जास्त इंधन मावतं. एमएफची पाठ सडपातळ. पंख, चाकं आणि धडाचा बराचसा भाग सारखाच आहे, तिथे हात लावायचं कारण नाही. पाठ वाढवायला परदेशी रेझिनचे संच मिळतात, पण त्यांच्या मागे लागू नकोस. तिरोड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात एम-सील मिळतं, ते पुरतं. मात्र नुसतं थापायचं नाही. आधी बिसच्या पाठीचा आडवा छेद कागदावर काढ. एक कॅनोपीच्या लगेच मागे, एक मध्यावर, एक शेपटीच्या अलीकडे. तो जाड पुठ्ठ्यावर उतरवून कात्रीने काप. हे तुझे साचे. साचा पाठीवर उभा धरला की डावी-उजवी सारखी आहे का ते लगेच कळतं. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, डोळा फसतो. १/३२ मापात तुझ्या बोटाखालचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर तीन सेंटिमीटरहून जास्त.

एम-सीलच्या दोन्ही वड्या सारख्या घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळ. बोट पाण्यात बुडवून पाठीवर दाबत जा, पाण्यामुळे ते बोटाला चिकटत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. रात्रभर राहू दे. सकाळी घासायला घेशील तेव्हा नीट लक्ष दे. सुकलेलं एम-सील खालच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक असतं. पॉलिश पेपर सरळ फिरवलास तर एम-सील राहील आणि शेजारचं प्लॅस्टिक झिजून खड्डा पडेल. म्हणून शेजारच्या भागावर सेलोटेपचे दोन थर लाव, पेपर लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळ आणि पाणी लावून घास. टेप झिजू लागली की थांब, नवी लाव. हे सावकाश काम आहे, रेडिओ लावून करण्यासारखं. घासताना पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेषा पुसल्या जातील. त्या नंतर सुईने पुन्हा कोरायच्या. स्टीलची पातळ पट्टी टेकव, सुई जवळजवळ आडवी धर आणि एकाच दिशेने हलक्या हाताने ओढ. जोर दिलास की सुई घसरते.

काच हे सगळ्यात सुंदर काम. तुझ्या संचातली समोरची काच तीन तुकड्यांची आहे, मध्ये सपाट जाड काच, बाजूला दोन, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पट्ट्या. बायसनला मात्र एकसंध वळलेली काच. ती दुकानात मिळणार नाही, घडवावी लागेल. आपल्या गावच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा माग. ते मऊ असतं, चाकूला साथ देतं. नागझिरा अभयारण्याच्या हद्दीतली काडीसुद्धा आणायची नाही, हे तुला सांगायला नको. त्या तुकड्यातून काचेचा आकार कोर, आणि तयार काचेपेक्षा किंचित लहान ठेव, कारण वर प्लॅस्टिकची जाडी चढणार आहे. मग घास, वार्निश लाव, पुन्हा घास, पुन्हा वार्निश. लाकडाची एक शीर जरी राहिली तरी ती काचेवर उमटते.

आता थंड पेयाची रिकामी पारदर्शक बाटली घे, जिचा मधला भाग गुळगुळीत आहे अशी. बूड कापून लाकडाचा साचा आत घाल आणि बाकीच्या पोकळीत लाकडाचेच तुकडे ठोकून तो घट्ट बसव. बाहेरून गरम हवा दिली की बाटलीचं प्लॅस्टिक आवळत जातं आणि साच्याला चामडीसारखं बसतं. केस वाळवायचं यंत्र इथे पुरत नाही, इलेक्ट्रिशियनकडे हीट गन असते ती लागते. हे काम बाबांना शेजारी उभं करून कर, आणि चुलीवर किंवा मेणबत्तीवर मुळीच नाही. गार झाल्यावर साच्याच्या कडेने कापलंस की हातात काच येते. एक बिघडली तर दुसरी बाटली, त्याला पैसे पडत नाहीत. ती बसवताना मात्र झटपट चिकटणारा गोंद वापरू नकोस. त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. फेव्हिकॉल लाव. ओला असताना पांढरा दिसतो, वाळला की दिसेनासा होतो.

शेपटीच्या टोकाजवळ शत्रूच्या रडारची चाहूल देणाऱ्या यंत्रणेचे अँटेना आहेत. पंखांच्या मुळाशी वरच्या बाजूला फ्लेअर सोडणाऱ्या खोक्यांचे उंचवटे आहेत. हे फ्रेमच्याच उरलेल्या काड्यांतून होतं. काडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी वर धरून फिरव, मऊ पडली की ज्योतीबाहेर काढून दोन्ही टोकं सावकाश ओढ. केसाइतकी बारीक तार निघते. सगळे बारीक अँटेना त्यातूनच कर. क्षेपणास्त्रांचं म्हणशील तर बायसन आर-७३ आणि आर-७७ वाहायचा. तुझ्या संचात ती नसली तर जुनी लावून वेळ मारून नेऊ नकोस, पंखाखालची जागा रिकामी ठेव. पोटाखालची तेलाची टाकीही फोटोत दिसत असेल तरच लाव.

धडाचे दोन भाग जोडण्याआधी ते कोरडेच एकमेकांवर ठेवून बघ, आणि विमान तीन चाकांवर नीट उभं राहतं की शेपटीवर बसतं तेही तेव्हाच तपास. मागे बसत असेल तर नाकात वजन लागेल. तलावावर ढिवर काकांच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात, दोन-चार मागून घे. हाताळल्यावर साबणाने हात धू. शिसं विषारी असतं.

छपरीत काम करताना खाली पांढरी चादर अंथर. शेणाने सारवलेल्या जमिनीवर राखाडी रंगाचा बारीक तुकडा पडला तर तो पुन्हा मिळत नाही. प्लॅस्टिक वितळवून जोडणारा पातळ गोंद आणि रंगाचा थिनर यांचा वास डोक्यात जातो, आणि दोन्ही पेट घेतात. चूल पेटलेली असताना बाटली उघडायची नाही. छपरीत वारा असतो, तिथेच बस, तोंडाला मास्क बांध, आणि लहानग्यांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नकोस. आईला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तिलाही काळजी नाही.

रंगाची घाई तर मुळीच नको. आपल्याकडचा पावसाळा तुला माहीतच आहे. दमट हवेत वार्निशवर पांढरा धुरकट थर येतो आणि तो जाता जात नाही. पाऊस संपतो तोच धानकापणी आणि मळणी. त्या दिवसांत हवेत जो भुसा उडतो तो ओल्या रंगावर बसला की सगळं काम गेलं. म्हणून रोवणी झाल्यावरचे पावसाळी दिवस कापणं, जोडणं, घासणं यांना दे. धान घरात आलं, अंगण झाडून झालं, थंडी पडली की मग रंग. तेव्हा हवा कोरडी असते, उजेड स्वच्छ असतो.

पहिला थर प्रायमरचा, राखाडी. तो रंगासाठी कमी आणि तपासणीसाठी जास्त असतो. वाळल्यावर मॉडेल खिडकीशी तिरकं धर. जोडाची रेष, ओरखडा, एम-सीलची कड, जे काही राहिलं असेल ते तिरक्या उजेडात उघडं पडतं. पुन्हा घास, पुन्हा प्रायमर. या टप्प्यावर कंटाळलीस तर चार दिवस झाकून ठेव, पण तसंच पुढे जाऊ नकोस. गाड्यांसाठीचा स्प्रे-कॅन वापरणार असशील तर आधी उरलेल्या फ्रेमवर मारून बघ. काही लॅकर प्लॅस्टिकच खातात.

बायसनचा राखाडी हा एक रंग नाही. हलका आहे, गडद आहे, आणि ज्या पत्र्याला नंतर डागडुजी झाली तिथे तिसराच आहे. फोटो रात्री मोबाईलवर बघून रंग कालवू नकोस, दिवसाच्या उजेडात कालव. लहान वस्तूवर रंग खऱ्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून मिश्रणात थोडा पांढरा जास्त घाल. मिगसाठी म्हणून बाटलीत भरून येणारे परदेशी रंग चांगलेच आहेत, पण ते नाहीत म्हणून अडू नकोस. आपला कॅमलचा ॲक्रिलिक पांढरा, काळा आणि निळा यांतून हवा तो राखाडी कालवता येतो. मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेला तो उद्योग, आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीत होताच. एअरब्रश असता तर उत्तम, पण त्याला कॉम्प्रेसर लागतो आणि वीज लागते. तुझ्याकडे रुंद मऊ कुंचला आहे. रंग दुधाइतका पातळ कर, एक थर उभा, पूर्ण वाळू दे, दुसरा आडवा, वाळू दे, तिसरा पुन्हा उभा. पहिल्या थरानंतर ते वाईटच दिसतं, खालचं सगळं डोकावतं. तिथे जाड रंग फासायचा मोह होतो. तो टाळलास की जिंकलीस.

इंजिनाच्या तोंडाशी वेगळी मजा आहे. तिथला धातू तापून तापून रंग बदलतो, पितळी, जांभळट, मग काळपट. गडद धातूरंगाच्या थरावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळ, खरी धातूची चकाकी येते. मळवण्याचं मात्र माझं मत पक्कं आहे, कमी कर. हल्ली मॉडेल म्हटलं की सगळीकडे गंज, तेल, काजळी ओतायची हौस दिसते. हवाई दलाचं विमान धुतलं जातं, पुसलं जातं, रोज तपासलं जातं. बिस म्हणून बांधलं गेलेलं ते अंग २०१८ मध्ये म्हातारं झालं होतं, हे खरं. पण म्हातारपण दाखवायचं ते विटलेल्या राखाडीतून, डागडुजीच्या तुकड्यांतून, जिथे पायलट पाय ठेवतो तिथल्या झिजेतून. चिखलातून नव्हे.

क्रमांक आणि गोल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा एक थर दे. खरबरीत रंगावर चिकटचित्र बसवलं की खाली हवा राहते आणि कडा चांदीसारख्या चमकतात. आपल्या गोलात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. बायसनच्या क्रमांकाची सुरुवात सीयू अशी असते. २७ फेब्रुवारी २०१९ ला अभिनंदन वर्धमान उडवत होते ते सीयू २३२८. ते करणारे पुष्कळ आहेत. जामनगरच्या विमानाचे आकडे तुला त्या दिवसाच्या छायाचित्रांतून शोधावे लागतील, आणि तो शोध घेणं हेही कामच आहे, घासण्याइतकंच.

एक अवघड गोष्ट राहिली. कुणीतरी नक्की म्हणेल, उडत्या शवपेटीचं मॉडेल कशाला करतेस? 'रंग दे बसंती' ज्यांनी पाहिलाय त्यांना ते आठवणारच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कारण दुःख खरं आहे. या विमानाचे शेकडो अपघात झाले, तरणीताठी मुलं गेली, घरं उजाड झाली. पण त्याच विमानाने पिढ्यान् पिढ्या वैमानिक घडवले, त्याच विमानावर एक पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी एकटी चढली, आणि शेवटच्या उड्डाणाच्या दिवशीही प्रिया शर्मा ही स्क्वाड्रन लीडर त्या ताफ्यात होती. दोन्ही गोष्टी तुझ्या त्या दीड फुटाच्या प्लॅस्टिकमध्ये आहेत. म्हणूनच तर ते नीट करायचं. आणि "पोरीचं काय काम यात" असं म्हणणाऱ्याला बिरसीला घेऊन जा. गोंदियाच्या त्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची विमानं उतरतात, त्यांच्यातल्या मुलींकडे बोट दाखव.

अभ्यास बुडवून हे करायचं नाही, एवढं आईला मी तुझ्या वतीने कबूल केलंय. संध्याकाळी दिवे असतील तोवर तासभर, त्याहून जास्त नाही. थकलेल्या हातात ब्लेड धरायचं नाही. कुंचले, प्रायमर आणि वार्निश मी नाशकातून पाठवते, त्याची चिंता सोड. पण सीयूच्या पुढचे चार आकडे कुठले, ते मी सांगणार नाही. ते तू शोध, तुझ्या मनाशी पक्के कर, आणि रोवणी आटोपण्याच्या आत मला कळव. त्यानंतरच पहिला भाग कापायचा.